खताच्या पोत्याचे हातमोजे

थंडी सगळीकडे सारखी नसते, हे मला मोटारसायकलवर कॉलेजला जायला लागल्यावर कळलं. आमचं गाव अहमदपूरच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. तिथून लातूरचं कॉलेज सव्वा तासावर. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आमच्या बॅचचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल सकाळी आठला असायचं आणि पहिली एसटी लातूरला पोचायची पावणेनऊला. म्हणून वडिलांची जुनी मोटारसायकल घेऊन मी साडेसहाला निघायचो. तिचा हॉर्न वाजत नव्हता, पण ती एका किकमध्ये सुरू व्हायची.

घरातून फाट्यापर्यंत थंडी सोसण्यासारखी असायची. ओढ्याच्या पुलावर आलं की ती एकदम मांड्यांना धरायची. पूल संपून चढ लागला की सोडायची. रात्री पाणी दिलेल्या हरभऱ्याच्या शेताजवळून जाताना नाकाचा शेंडा दुखायचा, आणि एखाद्या वस्तीजवळ आलो, चुलीचा धूर रस्त्यावर आला, की तेवढ्यापुरतं कुणीतरी चादर टाकल्यासारखं वाटायचं. उसाच्या ट्रॅक्टरमागे तर मी मुद्दाम थोडा वेळ हळू चालवायचो. वारा अडतो म्हणून. वहीच्या शेवटच्या पानावर मी अशा जागा लिहून ठेवायला लागलो. अशा जागा एकूण नऊ निघाल्या. असं का होतं, हे वर्गात विचारावंसं वाटायचं, पण हा प्रश्न अभ्यासक्रमातला आहे की नाही ते माहीत नव्हतं, म्हणून विचारला नाही.

अंगाचं भागायचं. आत दोन शर्ट, वर स्वेटर, त्यावर वडिलांचं जर्किन, डोक्याला कानटोपी आणि वरून हेल्मेट. फाट्यावरच्या हॉटेलवाल्या मामांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. स्वेटर आणि जर्किनच्या मधे छातीवर पेपरची चार पानं घडी करून घालायची. ते म्हणाले, "वारा आत शिरला न्हाई पायजे, बाकी स्वेटर कितीबी जाड असू दे." ते खरं होतं. कागदानं एवढं कसं अडतं, याचं मला अजून नवल वाटतं.

अडचण हातांची होती. क्लच आणि ब्रेक धरून बोटं अशी व्हायची की कॉलेजला पोचल्यावर पेनाचं टोपण निघायचं नाही. ते माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र काढून द्यायचा. त्याचं घर लातुरातच होतं. तो दहा मिनिटांत चालत यायचा आणि माझ्या बोटांकडे पाहून म्हणायचा, "काय लेका, बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलास का?"

बाजारातले लोकरीचे हातमोजे मी एक आठवडा घालून पाहिले. आमच्याकडे हिवाळ्यात धुई पडते. धुई म्हणजे नुसतं धुकं नाही, ती ओली असते, भुवयांवर थेंब जमतात. लोकर ती सगळी पिऊन घ्यायची आणि मग हात ओल्या फडक्यात बांधल्यासारखे व्हायचे.

मग मायनं उपाय काढला. आमच्या रस्त्यावर दूध घालणारे लोक हँडलच्या दोन्ही मुठींना जुन्या जीन्सचे पाय किंवा रेक्झिनच्या पिशव्या बांधतात आणि त्यात हात घालून गाडी चालवतात. तिनं ते पाहिलेलं होतं. हरभरा पेरताना आणलेल्या डीएपी खताचं रिकामं पोतं तिनं उभं कापलं, दाभणानं सुतळी घालून दोन पिशव्या शिवल्या आणि हँडलला पक्क्या बांधल्या. पोत्यावरचं कणसाचं चित्र उलटं आलं होतं. मी चाचरत म्हणालो, "कॉलेजात लोक हसतील."

"हसू दे. त्येंच्या हसण्यानं तुझ्या बोटाला ऊब येणार हाय का?"

दुसऱ्या दिवशी लातूरला पोचलो तेव्हा मी पेनाचं टोपण स्वतः काढलं. मला एवढा आनंद झाला की मी ते दोनदा लावून दोनदा काढलं.

आता प्रयोगशाळेतलं सांगितलं पाहिजे. त्या दिवसांत आम्हाला क्षार ओळखायला असायचे. मॅडम कागदाच्या पुडीत पांढरी भुकटी द्यायच्या. तिच्यात काय आहे ते एकेक चाचणी करून शोधायचं. त्यातली एक चाचणी अमोनियमची. क्षाराच्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून परीक्षानळी तापवायची. सकाळी गोठ्यात शिरल्यावर येतो तसा उग्र वास आला आणि नळीच्या तोंडाशी धरलेला ओला लाल लिटमस कागद निळा झाला, तर त्यात अमोनियम आहे. मला ही चाचणी सगळ्यात आवडायची, कारण हा वास मला आधीपासून ठाऊक होता. पुस्तकातल्या फार थोड्या गोष्टींबद्दल मला तसं म्हणता यायचं.

पहिल्या क्षारात मला अमोनियम सापडला. मॅडमनी वहीवर लाल रेघ ओढली. नव्हता. दुसऱ्या वेळी पुन्हा सापडला आणि पुन्हा लाल रेघ. तिसऱ्या वेळी मी कागद दोनदा बदलून पाहिला. दोन्ही कागद निळे झाले.

मॅडम म्हणाल्या, "तुला प्रत्येक क्षारात अमोनियम कसा काय सापडतो? चाचणी करतोस, की घरून पाठ करून येतोस?"

बॅच हसली. त्या दिवसापासून मी दारातून आत आलो की कुणीतरी विचारायचं, "काय बाबा, निघाला का अमोनियम?" मित्र म्हणायचा, "त्याला चहा पाजा, त्यातबी काढून दाखवल."

मीही हसायचो, पण आतून घाबरलो होतो. कागद निळा झालेला मी डोळ्यांनी पाहिला होता. वास घेतला होता. मग चुकत कोण होतं? दुसऱ्यांच्या नळीत तोच क्षार, तीच बाटली, आणि त्यांचा कागद लालच राहायचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. असं कधी कुणाचं होतं का, हे विचारायला घरी कुणी नव्हतं. मला वाटायला लागलं की इतरांना जे दिसतं ते पाहण्याची काहीतरी नजर असते आणि ती मला नाही. प्रॅक्टिकलची परीक्षा दोन आठवड्यांवर होती. त्यात क्षार चुकला तर सायन्स सोडायचं आणि आर्ट्सला जायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. घरी सांगितलं नाही. माय शेजारणींना सांगायची, "आमचा परयोग करतो." आर्ट्सला गेलो तर तिच्या त्या शब्दाचं काय करायचं, ते मला सुचत नव्हतं.

त्याच आठवड्यात एकदा फाट्यावर थांबलो होतो. पिशवीतून हात काढून तोंडाची वाफ देत होतो. बोटं ओठांना लागली आणि चव विचित्र वाटली. खारट, आणि मागून कडवट. मी पुन्हा चाटून पाहिलं.

हॉटेलवाले मामा चहा गाळत होते. समोरून आलेल्या कुणाला तरी "शरणार्थ" असा नमस्कार करून ते माझ्याकडे वळले. "लहान लेकरावानी बोटं काय चोखायलास?"

"खारट लागतायत, मामा."

"घाम असंल."

"एवढ्या थंडीत घाम?"

"तर. दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेव, झाकणाला आतून पाणी येतं का न्हाई? मग प्लास्टिकमधी हात कोंडल्यावर दुसरं काय व्हणार?"

मी पिशवीच्या आत बोट फिरवून पाहिलं. आतली बाजू खरंच ओली होती. धुई बाहेर होती आणि ओल आतही होती. म्हणजे आपण वाचवायला जातो बाहेरच्या पाण्यापासून आणि भिजतो स्वतःच्याच पाण्यानं. मला ही गंमत वाटली, आणि चहा पिऊन मी निघालो. खारट चवीचं पुढे काही डोक्यात आलं नाही.

नंतरच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी वडिलांना गाडी हवी होती. त्यांना अहमदपूरला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जायचं होतं. मी एसटीनं गेलो, पाऊण तास उशिरा पोचलो, मॅडमची बोलणी खाल्ली आणि शेवटच्या टेबलावर उभा राहिलो. घाईघाईत चाचण्या केल्या. अमोनियमच्या वेळी कागद लालच राहिला. मी नळी इतकी तापवली की पाणी उसळून बाहेर आलं. तरी लालच. उत्तर लिहिलं, झिंक सल्फेट. मॅडमनी बरोबरची खूण केली आणि माझ्याकडे जरा थांबून पाहिलं.

मला वाटलं, नशीब. पण चार दिवसांनी मी पुन्हा गाडीवर गेलो आणि पुन्हा कागद निळा झाला. तेव्हा मात्र मी उत्तर लिहायच्या आधी थांबलो. मागच्या वेळी आणि आज, काय वेगळं होतं? नळ्या त्याच, बाटल्या त्याच, मीही तोच. मागच्या वेळी मी एसटीनं आलो होतो.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. जर्किनच्या बाहीच्या कडेला करडी रेघ होती. वाळलेल्या ओलीची असते तशी. नखांच्या कडांनाही तीच. आणि मग मी रोज काय करतो ते एकेक आठवलं. आठला पोचायचो तेव्हा हात नुकते कुठे उबदार झालेले असायचे. प्रयोगशाळेच्या नळाचं पाणी बर्फासारखं, म्हणून मी हात धुवायचो नाही. पुडीतला क्षार चमच्यानं घ्यायचा असतो, पण मी तो चिमटीनं घ्यायचो, घरी भाजीत मीठ घालतात तसा. पाणी घातल्यावर नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ती हलवायचो. आम्ही गावाकडून आलेले तिघे-चौघे असंच करायचो. मला कुणी कधी टोकलं नव्हतं.

तास संपल्यावर सगळे गेले. मी एक स्वच्छ नळी घेतली. तिच्यात क्षार घातला नाही. थोडं पाणी घेतलं, तोंडावर अंगठा दाबला, हलवलं, बोटांची टोकं त्या पाण्यात बुडवली. मग सोडियम हायड्रॉक्साइड घातलं आणि तापवलं.

वास आला. काडीच्या टोकावर ओला लाल कागद धरला होता, तो निळा झाला.

इतका आनंद मला बरोबर उत्तराची खूण मिळाल्यावरही झाला नव्हता. माझं नाक खोटं बोलत नव्हतं. डोळे खोटं बोलत नव्हते. अमोनियम खरोखरच होता, फक्त तो मॅडमच्या पुडीत नव्हता. डीएपीतला 'ए' म्हणजे अमोनियमच. तो आमच्या हरभऱ्याच्या खतातून, मायनं शिवलेल्या पिशवीतून, माझ्या घामात विरघळून पन्नास किलोमीटर आला होता.

मी तसाच स्टाफरूमच्या दाराशी गेलो. मॅडम पेपर तपासत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"काय रे?"

मला कुठून सुरू करावं कळेना. खतापासून, मायपासून, की थंडीपासून? "काही नाही मॅडम. परीक्षा सोमवारीच आहे ना?"

"हो, सोमवारीच. बोर्डावर लावलंय की."

मी परत आलो. पार्किंगमध्ये गाडीजवळ उभा राहून मग ते सगळं नीट वाक्यात मनाशी म्हणून पाहिलं. जमलं. पण तिथं ऐकणारं कुणी नव्हतं.

घरी मायला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. तिला राग आला.

"पोतं तीन डाव झटकलं हुतं मी!"

"झटकून जात नाही माय ते. बारीक भुकटी राहते. ओल लागली की विरघळते."

"मग काढून फेक. आन् जा तसाच उघड्या हातानं. नळी धरता येतीया का बघ."

तिचंही चूक नव्हतं. पिशव्या काढल्या तर बोटं बधिर होणार, आणि परीक्षेत बधिर बोटांनी काचेची नळी धरायची होती. ठेवल्या तर हाताला खत लागणार. मग तिनं पिशव्या सोडून आणल्या, गरम पाण्यात घासून धुतल्या, उलट्या करून चुलीच्या भिंतीला वाळत लावल्या. रविवारी दुपारी जुनी वाकळ फाडून तिचं अस्तर आतून शिवलं. प्लास्टिक बाहेर, कापड आत, म्हणजे हात पोत्याला लागणारच नाही. शिवता शिवता तिनं विचारलं, "खरंच वास येतो का रं त्या नळीत? गोठ्यावानी?"

"हाव. तसाच."

"मग कॉलेजात शिकवत्यात तरी काय नवीन," असं म्हणून तिनं दातानं दोरा तोडला आणि हसली. तिचा राग गेला, एवढं मला पुरे होतं.

सोमवारी धुई एवढी दाट होती की समोरच्या गाडीचा लाल दिवा अगदी जवळ गेल्यावर दिसायचा. हात उबदार राहिले. पण लातुरात शिरताना पाहिलं तर वाकळेची बाहेरची कड भिजलेली होती आणि ती माझ्या मनगटांना घासत होती. पोत्याच्या शिवणीतून ओल आत आली होती. धुतल्यानं सगळं खत गेलं होतं का, कुणाला माहीत.

मी प्रयोगशाळेत पोचल्याबरोबर नळाखाली हात धरले. कोपरापर्यंत साबण लावून धुतले. बोटं इतकी गोठली की पुडी उघडेना. पहिली दहा मिनिटं मी हात काखेत घालून नुसता उभा होतो. बाकीच्यांच्या नळ्या वाजत होत्या. बाहेरून आलेले परीक्षक टेबलांमधून फिरत होते. वयस्कर होते, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेले.

बोटं वळायला लागल्यावर मी चमच्यानं क्षार घेतला. अंगठा लावला नाही. नळी बोटांच्या चिमटीत धरून हलवली. सोडियम हायड्रॉक्साइड घातलं, तापवलं.

गोठ्याचा वास. कागद निळा.

शेजारच्या टेबलावरून मित्रानं हळूच पाहिलं आणि ओठ न हलवता म्हणाला, "आज तरी लिहू नको ते, लेका. मार्क जातील."

त्याला माझी काळजी होती. आणि मलाही क्षणभर तेच शहाणपणाचं वाटलं. पण न लिहायला तरी काय आधार होता? क्षारात नसेल तर तो हातावर असणार, आणि हातावर आहे की नाही हे पाहता येत होतं. मी दुसरी नळी घेतली. ती स्टँडला लावली, एकेका हाताची बोटं तिच्या तोंडाशी धरून त्यांवरून तिच्यात पाणी सोडलं, मनगटांवरूनही सोडलं. सोडियम हायड्रॉक्साइड घातलं. तापवलं. कागद धरला.

लाल. मी मनात पन्नासपर्यंत मोजलं. लालच. वास काही नाही.

मग पुडीतला क्षार पुन्हा घेतला, पुन्हा तापवलं, पुन्हा निळा. त्यानंतर सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर दह्यासारखा पांढरा साका बसला. मी उत्तर लिहिलं, अमोनियम क्लोराइड.

परीक्षक माझ्या टेबलाशी आले. मॅडम त्यांच्या मागे होत्या. त्यांनी वही पाहिली, मग स्टँडकडे बोट केलं.

"ही नळी कशाची? यात काहीच दिसत नाही."

"सर, त्यात क्षार नाही."

"मग तापवलीस कशाला?"

मी सांगायला लागलो. आधी फार अडखळलो. धुई, पिशव्या, पोतं, घाम, चिमूट. मधेच मला वाटलं की मी फार घरगुती बोलतोय, पण सर वही मिटून ऐकत होते. मॅडमही ऐकत होत्या. मी म्हणालो, "आज अस्तर शिवलंय सर, आणि हातही धुतलेत. पण कड भिजली होती. म्हणून हातावर काही राहिलंय का, ते वेगळं पाहिलं. नाही राहिलं. म्हणजे हा अमोनियम पुडीतलाच आहे."

"नक्की?"

"हो सर."

मॅडम म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस हे? एवढे दिवस मी तुझ्या वहीवर रेघा ओढत होते."

"आलो होतो मॅडम सांगायला. दारापर्यंत."

सरांनी वही उघडून माझं लिखाण पुन्हा वाचलं आणि ती माझ्यापुढे सरकवली. "यात त्या दुसऱ्या नळीबद्दल एक ओळही नाही. केलंस, तर लिही. वहीत नाही ते मी कसं धरू?" घड्याळात पाहून ते म्हणाले, "आठ मिनिटं आहेत."

ते पुढच्या टेबलाकडे गेले. अशा चाचणीला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायला वेळ नव्हता. मी खाली बसलो, टोपण काढलं आणि जे केलं होतं तेच लिहिलं: क्षार घेतला नाही. फक्त हात धुतलेलं पाणी घेतलं. तापवल्यावर वास नाही. लिटमस लालच राहिला.